दाराआडचा कोंबडा

कोंबडा एकदाही आरवलेला नाही, याची आमाने तिघांकडून खात्री करून घेतली होती. आधी विकणाऱ्याकडून, मग त्याच्या बायकोकडून आणि शेवटी खुद्द कोंबड्याकडून. शुक्रवारी त्याला घरी आणून तिने टोपलीखाली ठेवलं आणि शनिवारी पहाटे चारपासून ती कान देऊन बसली. पाच वाजले, शेजारचे दोन कोंबडे ओरडून दमले, हा गप्प. "समजूतदार आहे," असं म्हणून तिने सुरी धुतली.

आरवलेला कोंबडा कामाचा नसतो. त्याची ताकद आवाजात निघून गेलेली असते. ती पोराच्या हाडांत जायला हवी.

हा पाचवा. चंद्राच्या सणापासून दर पंधरा दिवसांनी एक, आणि शेवटचा आज, हिवाळा बसतो त्या दिवशी, कारण आज पोटात गेलेलं अंगी लागतं. घरच्या सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात तिळाच्या तेलातली, आल्याची कोंबडी होतीच. हा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यात, वैद्याकडच्या मुळ्यांच्या पुडीसोबत, पाण्याचा थेंबही न घालता नुसत्या तांदळाच्या दारूत शिजत होता. नातू पोयानसाठी. पोयान तेरा वर्षांचा झाला होता आणि आमाच्या बरोबरीचा होता. आमा स्वतः एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर होती, त्यामुळे ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती.

"आई, त्यापेक्षा त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लाव. रोज पाचशे." मोठी लेक शूछिन दारातूनच म्हणाली. तिच्या एका हातात भाजीची पिशवी होती, दुसऱ्या हातात पाच वर्षांची पिंगपिंग.

"उड्या मारून काय होतं?"

"हाडं जागी होतात."

"तुझी झाली होती. शाळेत उड्यांमध्ये पहिली यायचीस. किती झालीस मग?"

शूछिन एकशे त्रेपन्न होती. तिने पिशवी ओट्यावर जरा जोरातच ठेवली.

तेवढ्यात सून वानछी, पोयानची आई, तांदूळ घेऊन आत आली आणि शूछिन भाजी निवडू लागली. वसंतात आमाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून नणंद-भावजय एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. वानछी इस्पितळात एक्स-रे काढायची. ऑपरेशन तिने ठरवलं. शूछिनला आमाला हाडवैद्याकडे न्यायचं होतं. गुडघा छान बरा झाला, आणि शूछिनने त्याला अजून त्याबद्दल माफ केलं नव्हतं.

"वानछी, तू सांग," आमा म्हणाली. "दोरी की कोंबडा?"

"आई, त्याची हाडं जात्याच सावकाश चाललीत. तो आपोआप वाढेल."

"आपोआप," आमा भांड्याला म्हणाली. "ऐकलंस? तू उगाच मेलास."

*

कोंबडा खाण्याचे नियम आमाला तिच्या सासूकडून मिळाले होते आणि त्यांत वाद घालायची सोय नव्हती. मुलाने एकट्याने खायचं. दार बंद. सगळा संपवायचा, काढ्यासकट. खात असताना कोणी त्याला नावाने हाक मारायची नाही. हाक मारली की वाढ अर्ध्यात थबकते.

दुपारी बाराला आमाने भांडं फडक्यात धरून मागच्या कोठीत नेलं. कोठीत पपनसांच्या रिकाम्या खोक्यांची रास होती, एक स्टूल होतं. पोयान फाशीला निघाल्यासारखा तिच्यामागून गेला. दार लागलं.

इतर सगळे गोल टेबलाभोवती बसले. आमा, शूछिन आणि तिचा नवरा आचांग, वानछी आणि तिचा नवरा झेनहाई, पिंगपिंग. पोयानची जुळी बहीण रुईयुन दोन घास खाऊन हात धुवायला म्हणून उठली.

"ही अलीकडे काही खातच नाही," शूछिन म्हणाली. "वानछी, पोरगी डाएट करत असेल. या वयात करतात."

"उंच आहे ना, पुरे तिला," आमा म्हणाली.

वानछीने रुईयुनचा भरलेला वाडगा बाजूला सरकवला. तिला मोजून बघायची सवय होती आणि तिने मोजलं होतं: रुईयुनची भूक दर दुसऱ्या शनिवारी जाते. रविवारी परत येते. याचा अर्थ तिला अजून लागला नव्हता.

"आई," पिंगपिंगने शूछिनला विचारलं, "रुईयुनताई मोठी की पोयानदादा?"

"दादा. तो चार मिनिटं आधी जन्मला."

"पण ताई उंच आहे."

"असू दे. मोठा तोच."

पिंगपिंगने नूडल चोखत यावर विचार केला. "नाही," ती शेवटी म्हणाली. "उंच असतो तो मोठा. बाबा सगळ्यांत मोठे. मग मामा. आमा आधी मोठी होती, आता ती लहान व्हायला लागलीये. थोड्या दिवसांनी ती माझ्याएवढी होईल, मग आम्ही दोघी एका वर्गात."

आचांग खोकून हसला. आमाने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो भात खाऊ लागला.

वानछीला मार्चमधले दोन फोटो आठवले. डॉक्टरांनी पोयानच्या डाव्या हाताचा एक्स-रे मागितला होता. जुळी आहेत तर मुलीचाही काढा, शेजारी ठेवून बघू, म्हणाले. वाढत्या हाडांच्या टोकाला एक काळी रेघ दिसते. ती रेघ आहे तोवर हाड वाढतं; ती बुजली की संपलं. पोयानच्या बोटांतल्या रेघा रुंद आणि ठसठशीत होत्या, अकरा-बारा वर्षांच्या पोरासारख्या. रुईयुनच्या शोधाव्या लागत होत्या. घरी येऊन वानछीने सांगितलं होतं, "दोघंही ठणठणीत आहेत." ते खरं होतं. ते सगळं नव्हतं.

*

जेवणानंतर मोजणी. कोठीच्या दाराच्या चौकटीवर झेनहाई आणि शूछिनच्या लहानपणच्या खुणा होत्या, त्यांच्या वर पेन्सिलने जुळ्यांच्या. पोयान तोंड पुसत बाहेर आला. आमाने भांड्यात डोकावून पाहिलं: तळाशी फक्त हाडं.

"उभा राहा. टाचा चिकटव. वानछी, तूच माप, म्हणजे नंतर कोणी माझ्यावर आळ घेणार नाही."

वानछीने त्याच्या डोक्यावर जाड पुस्तक सपाट ठेवलं, पेन्सिलने रेघ मारली, टेप लावली. मग पुन्हा एकदा लावली.

"दीडशे पूर्णांक सहा."

"आणि सणाला?"

"एकशे एकोणपन्नास पूर्णांक दोन."

"आठ आठवड्यांत," आमा सावकाश म्हणाली, "एक सेंटिमीटर आणि वर चार. झेनहाई, तुझी बायको शिकलेली आहे, तिला विचार, हे आपोआप झालं का?"

"आई, मला कशाला मध्ये घेतेस," झेनहाई म्हणाला.

"आवाजही फुटलाय त्याचा. परवा फोनवर मला वाटलं आचांगच बोलतोय."

"या वयात एवढी वाढ होतेच," वानछी म्हणाली. "कोंबडा न खाताही झाली असती."

"असती, असती. सिद्ध कर."

आणि इथे, अगदी अनपेक्षितपणे, शूछिनने भावजयीची बाजू घेतली. "ती म्हणते ते बरोबर आहे, आई. शेजारच्या लिनबाईंचा मुलगा काही न खाता चौकटीला डोकं लागेल एवढा वाढला." खरं तर तिला कोंबडा हरायला हवा होता, दोरीला जागा झाली असती. पण वानछीने वर बघितलं, आणि वसंतानंतर पहिल्यांदाच दोघींची नजर एका बाजूने आमाकडे वळली.

"दोघी एक झालात," आमा खुशीत म्हणाली. "म्हणजे मीच बरोबर असणार. पाच कोंबडे खाल्लेत माझ्या नातवाने."

"दादाने नाही खाल्ले," पिंगपिंग म्हणाली.

सगळ्यांनी खाली बघितलं.

"ताईने खाल्ले. मी मागच्या वेळी खोक्यात लपले होते. दादा चित्रांचं पुस्तक वाचतो. ताई मागच्या दाराने येते, नाक दाबून काढा पिते आणि मग कोंबडा खाते. दादा म्हणतो, लवकर लवकर. ती म्हणाली कोणाला सांगू नको." ती थांबली. "मी कोणाला नाही सांगितलं. फक्त आत्ता सांगितलं."

आचांग उठून खिडकीपाशी गेला. त्याचे खांदे हलत होते.

आमाने कोठीचं मागचं दार पाहिलं. चाळीस वर्षं ते दार तिथेच होतं. मग ती झपझप अंगणात गेली आणि हात न धुताच परतलेल्या रुईयुनची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"आमा, काय करतेस?"

"मिशा बघतेय."

"आमा."

"मुलींना कोंबडा चालत नाही. मुलींना कोवळी कोंबडी लागते, चार मुळ्यांच्या काढ्यातली, तीही नुसती ताकद यायला. पाच कोंबडे. वानछी, इकडे ये, ही लव आधीपासून होती का?"

"होती, आई."

"नीट बघ."

"नीट बघितलं."

आमा पोयानकडे वळली. "आणि तू? मी चार वाजल्यापासून त्या कोंबड्याशेजारी बसले होते."

"मला तो काढा बघूनच मळमळतं," पोयान म्हणाला. वाक्याच्या मध्यावर त्याचा आवाज घसरून खाली गेला आणि शेवटी पुन्हा वर आला. "आणि तिला हवा होता. रुईयुन, का ते सांगू का?"

"गप्प बस," रुईयुन म्हणाली.

"उद्या आहे. आज नाही सांगितलंस तर तुला नेणार कोण? सायकलवर जाशील?"

*

रुईयुनला वाटलं होतं, सांगायची वेळ येईल तेव्हा तिच्या हातात आकडा असेल. आकडा सांगायचा आणि मग बाकीचं. आता आकडा नव्हता.

"ताइनानच्या क्रीडाशाळेत व्हॉलीबॉलचा वर्ग आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी साडेआठला निवड. बाबांनी फॉर्मवर सही केलीये."

"मी?" झेनहाई म्हणाला.

"सहलीच्या कागदाखाली होता."

"बरं."

"एकशे साठच्या खाली असलं तर खेळायलाच देत नाहीत. आधी उंची, मग चेंडू. मी सणाला एकशे अठ्ठावन्न पूर्णांक पाच होते." तिने चौकटीकडे बघितलं. "आई, मलाही माप ना."

ती टाचा चिकटवून उभी राहिली. पुस्तक डोक्यावर आलं तेव्हा तिने श्वास रोखून धरला. पेन्सिल सरकली. टेपचा आवाज झाला. आईने या वेळी एकदाच मोजलं, आणि ते रुईयुनला आवडलं नाही.

"एकशे अठ्ठावन्न पूर्णांक सात."

"पाच कोंबड्यांचे दोन मिलीमीटर," पोयान हळूच म्हणाला, आणि कोणी हसलं नाही म्हणून त्याने मान खाली घातली.

"आणखी किती वाढेन मी?" रुईयुनने विचारलं. "तू मार्चमध्ये हाताचा फोटो काढला होतास. तुला माहीत असणार."

वानछीने टेप गुंडाळली. तिला दोन उत्तरं माहीत होती. एक सोपं होतं.

"एक सेंटिमीटर," ती म्हणाली. "झालंच तर. तेही दोन वर्षांत. तुझी हाडं लवकर पुरी झाली, त्याची उशिरा होतील. तुझं काही चुकलं नाही. काही कमी खाल्लं नाहीस. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"तू तेव्हा रोज भिंतीवर चेंडू मारायचीस. मला बघवलं नसतं."

रुईयुनने मान हलवली, जणू वर्गात एखादं उत्तर पटलं असावं. मग ती स्टुलावर बसली, आणि तिचे डोळे भरले ते पुसायला तिने हात वर नेला नाही, कारण तसं केलं की सगळ्यांना दिसलं असतं. सगळ्यांना तसंही दिसत होतं.

आमाने हाडांचं भांडं उचलून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "माझा भाऊ खायचा ना, तेव्हा मी दाराबाहेर बसून चूल फुंकायचे. तेराचीच होते. वास यायचा. नंतर मला पाय मिळायचे, नखांसकट." ती जराशी हसली. "मागच्या दाराने आत जावं, हे मला सुचलंच नाही."

तिने मोठं पातेलं उघडलं, त्यातली सगळ्यात चांगली तंगडी, भरपूर आलं आणि रस्सा वाडग्यात घेतला आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. कोठीचं दार उघडंच होतं. घरातले सगळे समोर होते.

"कुओ रुईयुन," तिने पूर्ण नावाने हाक मारली. "इथे बस. सगळ्यांसमोर खा."

"आमा, माझं पोट भरलंय. मी सबंध कोंबडा खाल्लाय."

"तो चोरीचा होता. हा तुझा आहे."

रुईयुन खायला बसली. शूछिनने तिच्यासमोर मिरचीची वाटी सरकवली. वानछी मात्र चौकटीपाशीच उभी होती, पेन्सिलच्या रेघांकडे बघत.

"आपण नेहमी जेवणानंतरच का मोजतो?" ती म्हणाली.

"जेवल्यावर माणूस भरलेला असतो," आमा म्हणाली.

"पण दुपारी माणूस बुटका असतो." सगळे तिच्याकडे वळले. वानछी सहसा दोन वाक्यांपुढे जात नसे. आता ती गेली. "पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. दिवसभर उभं राहिलं की दबतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. सकाळी उठतो तेव्हा आपण सेंटिमीटर, सव्वा सेंटिमीटर उंच असतो. कधी दीड. पण उठल्यावर पहिल्या तासातच निम्मं जातं."

"ही लबाडी तर नाही ना?" झेनहाईने विचारलं.

"फॉर्मवर किती वाजताची उंची ते लिहिलंय का?"

"नाही," रुईयुन तोंडात घास धरून म्हणाली.

"मग ती तिचीच उंची आहे. सकाळची."

"पण ताइनानला जायला पाऊण तास लागतो," शूछिन म्हणाली. "गाडीत बसून गेली तर सगळं दबेल." तिने आकाशाकडे बघावं तसं छताकडे बघितलं, आणि मग नवऱ्याकडे. "आचांग, तुझ्या व्हॅनमधल्या मागच्या सीटा निघतात ना?"

*

रविवारी सकाळी कुओंच्या घरात रुईयुन सोडून सगळे उभे होते. तिला डोळे उघडायची परवानगी होती. मान उचलायची नव्हती. झेनहाई आणि आचांगने तिला गादीसकट उचललं. जिन्याच्या वळणावर गादी भिंतीला अडली.

"तिरकी करा," आमा खालून म्हणाली. "पण पोरीला नका करू."

"बाबा, मी पडेन."

"पड, पण आडवी पड," पोयान म्हणाला. त्याने तिचे बूट छातीशी धरले होते.

व्हॅनला पपनसांचा वास येत होता. रुईयुन मध्ये सपाट. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या, दोघी मांडी घालून. वळण आलं की दोघी एकदमच तिला धरत. शूछिनने तिला घोट घोट पाणी पाजायचं ठरवलं होतं, चकत्या फुगायला. वानछीने तसं काही नसतं असं सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "ताई, नळीने द्या. डोकं उचलायला नको."

"तुला वाटतं होईल?" शूछिनने हळूच विचारलं.

"एक पूर्णांक तीन हवेत. होऊ शकतं. न होऊही शकतं."

"डॉक्टर लोक असंच बोलतात."

"मी डॉक्टर नाही."

"तेच बरंय," शूछिन म्हणाली.

शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने गादी पाहिली, गादीवरची मुलगी पाहिली आणि विचारलं, "बरं नाही का हिला?"

"छान आहे," आमा म्हणाली. "उभी राहिली तर बिघडेल."

त्याने थकल्यासारखं आत बोट दाखवलं. मैदानात ते एकटे नव्हते. आडव्या दांडीला दोन मुली लोंबकळत होत्या आणि एकीचे वडील तिचे पाय धरून हळूहळू खाली ओढत होते. आणखी एक मुलगी बाकावर निजली होती. तिची आजी तिच्यावर छत्री धरून होती. आमाने त्या आजीला मान लववून नमस्कार केला. त्या आजीने उलट केला.

दाराशी मास्तरीणबाई यादी वाचत होत्या. "कुओ रुईयुन."

"आत्ता," आई म्हणाली.

रुईयुन उठली. पोयान बूट पुढे करत होता, बूट नकोत हे त्याच्या लक्षात आलं, त्याने ते परत छातीशी धरले. दहा पावलं. ती अशी चालत होती, जणू डोक्यावर पाण्याने भरलेला वाडगा आहे. पट्टीला पाठ लागली. टाचा चिकटल्या. वरची दांडी सरकत खाली आली आणि केसांना टेकली.

बाईंनी वाकून पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

"एकशे साठ," त्या म्हणाल्या. "बरोब्बर. आत जा, चेंडू घे."

रुईयुनने मागे वळूनही बघितलं नाही. ती पळत सुटली, टाचा आपटत, चकत्यांची पर्वा न करता. आतून चेंडू जमिनीवर आदळल्याचा आवाज आला, मग दुसरा.

आमाने पाच बोटं वर केली. ती आधी लेकीला दाखवली, मग जावयाला, मग मुलाला, आणि शेवटी सुनेसमोर धरली. "कोंबडे," ती म्हणाली.

वानछीने तोंड उघडलं. चकत्या, दाब, रात्रभर आडवं असणं, सगळं तिच्या जिभेवर होतं आणि सगळं खरं होतं. आत कोणीतरी जोरात चेंडू मारला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता; वर्षभर तो तिने भिंतीपलीकडून ऐकला होता.

"हो, आई," ती म्हणाली. "पाच."

पिंगपिंग रिकाम्या गादीवर आडवी पडली होती. "आमा," तिने हाक मारली, "तूही ये. तू खूप दबलीयेस."

आमाने इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी आडवी झाली.